हॉर्न वाजला तरी उठायचं नाही

मला सुचायला लागलं की आमच्या घरात भात करपायचा. सुचेनासं झालं की भात मोकळा, मऊ, पंगतीला वाढावा असा व्हायचा, पण तो मी ताटात असा काही आदळायचे की खाणाऱ्याला घास गिळवू नये. त्यामुळे माझा नवरा संध्याकाळी ऑफिसातून आला की आधी वास घ्यायचा, मग माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मगच चपला काढायचा. "आज सुचलं का गं?" असं विचारायची छाती त्याला कधी झाली नाही. तो आपला विचारायचा, "खाली जाऊन वडापाव आणू का?"

आम्ही गिरगावातल्या चाळीतली दीड खोली सोडून मीरा रोडला आलो ते नव्वदच्या आसपास. पूनम सागरच्या बाजूला नवी कोरी इमारत, चौथा मजला, हॉल, एक बेडरूम, आणि खिडकीतून बघावं तर लांबवर मोकळी पाणथळ जमीन. गिरगावात असताना मी छाती ठोकून सांगायचे, बाबांनो, मला टेबलाएवढी जागा द्या, मग बघा मी काय लिहिते ते! सासूबाई, दीर, जाऊ, त्यांची पोरं, गॅलरीतून जाणारं-येणारं प्रत्येक माणूस, सगळे माझ्या प्रतिभेच्या वाटेत उभे होते. मीरा रोडला कुणी नव्हतं. नवऱ्यानं हौसेनं टेबल आणलं, वर दिवा बसवून दिला. मी बसले. आणि काही म्हणजे काही सुचेना. आता दोष द्यायचा कुणाला? मी डासांना दिला. डास होतेही भरपूर. पण डास माणसाचं रक्त पितात असं ऐकलंय, दुसरा अंक पितात असं ऐकलं नाही, असं नवरा म्हणाला आणि मी त्याच्याशी अबोला धरला.

माझी खोड वेगळीच होती. सुरुवात करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पलंगाखालच्या ट्रंकेत कथांच्या नि नाटकांच्या सुरुवाती नुसत्या रचून ठेवल्या होत्या. शेवट म्हणाल तर एकाचाही नाही. शेवट लिहिला की गोष्ट संपते, संपली की ती कुणालातरी दाखवावी लागते, आणि दाखवली की ते माणूस तोंड उघडतं. त्या उघडणाऱ्या तोंडाची मला भयंकर धास्ती. अर्धवटाला कोण काय म्हणणार? अर्धवट आहे की ते!

शिवाय माझ्या मनाला हवामान होतं. सकाळी दूध तापवताना वाटायचं, माझ्यासारखं लिहिणारं आख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाही. दुपारी चारच्या चहापर्यंत खात्री पटलेली असायची, की शाळेत निबंधाला मिळालेले गुणसुद्धा बाईंनी दयेपोटी टाकले होते. ओळखीच्या कुणाचं काही छापून आलं की मी "अरे वा!" म्हणायचे आणि मग कुठलंही कारण काढून मोरी घासायला घ्यायचे. आमची मोरी त्या काळात लखलखीत असायची.

नवऱ्याला वाचून दाखवावं, तर तो देवमाणूस. ऐकून झालं की म्हणायचा, "छान आहे."

"छान म्हणजे?"

"म्हणजे छान."

"काय छान आहे त्यात?"

"सगळंच गं."

"म्हणजे तुम्ही ऐकलंच नाही!"

"ऐकलं ना! ती बाई विहिरीवर जाते…"

"विहिरीवर नाही, माहेरी जाते!"

मग पुढचा तासभर मी ताट-वाट्यांशी बोलायचे. त्या बिचाऱ्याचं काय चुकायचं हो? पण 'छान आहे' या शब्दांनी माझा जेवढा जीव घेतलाय तेवढा शिव्यांनी घेतला नसता. मला हवं होतं एवढंच, की मी लिहिलेलं कुणालातरी एकदा आतून हलवून जावं. टाळ्या नकोत, कौतुक नको. खोटं कशाला बोलू, टाळ्याही हव्या होत्या. पण त्याच्याआधी हे हवं होतं, आणि ते खरंच माझ्याच्यानं होतं की मी नुसतीच भात करपवतेय, हे काही केल्या कळत नव्हतं.

शेवटी एक दिवस मी जाहीर केलं. "येत्या सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या पूजेत माझं नाटक होणार. शेवटासकट. आणि ते कुणाला जाऊन भिडलं नाही, तर ही ट्रंक रद्दीत घालीन आणि मुकाट्यानं शिवणाचा क्लास लावीन." हे मी फक्त समोरच्या दारातल्या शेजारणीला सांगितलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत दोन्ही विंगना कळलं.

ही शेजारीण म्हणजे अजब प्राणी. माहेर इथलंच, राई गावचं. घरची शेती, खाडीच्या बाजूला मिठागर. लग्न होऊन फ्लॅटमध्ये आली आणि आमच्यासारखं बोलायला शिकली, पण मधूनच गावची बोली डोकवायची, आणि घाबरली किंवा चिडली की तर पुरती बाहेर पडायची. चोवीस तास तोंड चालू. एका जागी बूड टेकून बसणं हा प्रकार तिला ठाऊकच नव्हता. गप्पा मारायला आली की आमचं धान्य निवडून, ओटा पुसून, माझ्या उशांचे अभ्रे बदलून जायची आणि वर मलाच म्हणायची, "तू बस गं विचार करत, तुझं कामच हाय ते."

आणि पाणी! मीरा रोडला तेव्हा नळ होते, ते भिंतीला शोभा म्हणून. खरं पाणी टँकरनं यायचं. टँकर कधी येईल ते ब्रह्मदेवालाही माहीत नसायचं, त्यामुळे सोसायटीच्या कमानीपाशी सकाळपासूनच भांडी रांगेला लावून ठेवायची पद्धत होती. माणसं घरी, रांगेत बादल्या उभ्या. कुणाचा हंडा, कुणाची कळशी, कुणाची झाकण हरवलेली प्लास्टिकची बादली, प्रत्येकाला प्रत्येकाचं भांडं पाठ. पेणकरपाड्याच्या वळणावरून टँकरचा हॉर्न ऐकू आला की माणसं जिन्यावरून धबाधबा खाली. आमच्या टँकरचा हॉर्न साऱ्या दुनियेपेक्षा वेगळा होता. आधी म्हशीसारखा जाड हंबरायचा आणि शेवटी घसा बसल्यासारखा चिरकायचा. पहिला अर्धा सूर कानावर पडला की जो तो आपलं भांडं रांगेतून पुढे सरकवायला हजर. तान्ह्या पोराला पाजत असली तरी बाई पोरासकट हजर.

नाटक मला त्या रांगेतच सुचलं. एक दुष्काळी गाव. टँकरची वाट बघणाऱ्या बायका. त्यातल्या एकीची म्हातारी आई खाटेवर, तहानेनं घोटघोट करतेय. पण शेवट? शेवटाला मी अडले ते अडलेच. आधी टँकर आला आणि आई वाचली असं लिहिलं; वाचून माझं मलाच अळणी पिठलं खाल्ल्यासारखं झालं. मग टँकर आलाच नाही असं लिहिलं. त्यात मला नुसतीच रडारड दिसायला लागली. घरात भात उत्तम होऊ लागला. नवरा वाळला.

आणि एक दिवस कपडे वाळत घालताना एकदम दिसलं. आई जाते, आणि नेमका तेव्हाच हॉर्न वाजतो. सगळं गाव भांडी घेऊन धावत सुटतं. ती एकटी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहते. उठत नाही. बस्स. पडदा. ओल्या टॉवेलासकट मी पलंगावर बसले आणि स्वतःशीच हसले. आयुष्यात पहिल्यांदा मी शेवट लिहिला होता.

त्या मुलीचं काम कुणी करायचं? समोरच्या दारातून उत्तर आपणहून आत आलं. "मी करते की!" शेजारीण म्हणाली. मी कपाळावर हात मारला. जिला घटकाभर बसवत नाही तिनं न उठणारी बाई करायची? पण दुसरं कुणी तयार नव्हतं. बाकीच्या बायकांना नटूनथटून यायचं होतं, आणि ह्या भूमिकेला फाटकं लुगडं होतं. म्हातारी आई म्हणून बी विंगमधल्या एक काकू मिळाल्या. त्यांची अट एकच, संवाद नकोत.

तालमी गच्चीवर, रविवारी दुपारी. हॉर्न म्हणून नवरा तोंडानं "पोंऽऽ" करायचा. त्याचं ते 'पों' ऐकून मेलेली आई खदखदा हसायची आणि शेजारीण ताडकन उभी राहायची. दर वेळी!

"अगं बाई, उठायचं नाही! हॉर्न वाजला तरी उठायचं नाही!"

"पण सगळे धावतात ना? मग ती का नाही धावत? येडी हाय का?"

"तिची आई गेलीय. आता पाणी कुणासाठी आणायचं तिनं?"

"बरं बरं," म्हणायची, आणि पुढच्या 'पों'ला पुन्हा उभी. मी ओरडायचे, ती हसायची, मी रुसून गच्चीच्या टाकीमागे जाऊन बसायचे, मग तीच चहा घेऊन यायची. मी तिला नाही नाही ते बोलले असेन. तिला एका शब्दाचं वाईट वाटलं नाही आणि त्याचाही मला राग यायचा.

बरं, नवऱ्याच्या तोंडच्या 'पों'वर काही नाटक होणार नव्हतं. कॅसेटच्या दुकानात ट्रकचे आवाज मिळाले, पण तो हॉर्न लग्नाच्या बँडसारखा. मला खराच हवा होता. कला म्हणजे काय थट्टा आहे? मग मी टेपरेकॉर्डर घेऊन बाल्कनीत दबा धरून बसले, आणि आमचाच टँकर, आमचाच हॉर्न, चिरकण्यासकट पकडला. आत येऊन, दारं-खिडक्या लावून, आवाज बारीक करून नवऱ्याला ऐकवला.

"कसा आहे?"

"हुबेहूब. अगं, पण लोकांना वाटेल की…"

"वाटायलाच हवं लोकांना!" मी ठणकावलं.

मग त्याच देवमाणसानं एक उद्योग केला. त्याच्या साहेबांचे मामा दादरला राहायचे. उभं आयुष्य नाटकात गेलेलं, भल्याभल्यांना तालमीत रडवलेलं. त्यांना तो परस्पर आमंत्रण देऊन आला! मला सांगितलं सव्वीस जानेवारीच्या सकाळी. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? ते काय म्हणतील? त्यांच्यापुढे मी कोण?" मी रडले, ओरडले, नाटक रद्द म्हणाले, डोकं दुखतंय म्हणून झोपले, उठून पुन्हा ओरडले. तो नुसता म्हणाला, "तुलाच कळून घ्यायचं होतं ना? मग ज्याला कळतं त्याला बोलवलं." त्यावर मी उठून ते फाटकं लुगडंच इस्त्री करायला घेतलं.

संध्याकाळी पूजा झाली, आरती झाली. दोन विंगच्या मधल्या जागेत स्टेज, समोर सतरंज्या, मागे खुर्च्या. आमचे सेक्रेटरी गुजराती, मनाचे मऊ आणि हाऊजीचे कट्टर. "बेन, पहिले हाऊजी, फिर तमारा नाटक," म्हणून त्यांनी माझा जीव टांगणीला ठेवला. मामा हातांच्या एकुलत्या एका खुर्चीवर, पुढे काठी, काठीवर हनुवटी. चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. त्या दिवशी टँकर आलाच नव्हता. कमानीपाशी सकाळपासून भांड्यांची रांग तशीच्या तशी.

नाटक सुरू झालं. मी विंगेत, पदराचं टोक दातांत. आणि काय सांगू, रंगलं हो! पोरं गप्प. बायकांच्या हातात प्रसादाचा शिरा तसाच. खाटेवर काकू घोटभर पाण्यासाठी असं काही तोंड उघडत होत्या की मलाच तहान लागली. शेजारीण तर ओळखू येत नव्हती. आई गेली. तिनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. सगळीकडे चिडीचूप. मी नवऱ्याला खूण केली. त्यानं बटण दाबलं.

मांडवाचे कर्णे चांगले दणदणीत होते. हॉर्न असा घुमला की जणू टँकर कमानीत शिरलाय.

अर्ध्या क्षणात समोर एक माणूस उरलं नाही. "आला! आला!" सतरंज्या उलट्या, खुर्च्या आडव्या, शिरा जमिनीवर. सेक्रेटरी धोतराचा सोगा धरून सगळ्यांच्या पुढे. खाटेवरची मेलेली आई, हो, मेलेली आई, विग सावरत स्टेजवरून उडी मारून पळाली. आणि मी? टेप माझी, हॉर्न मी पकडलेला, खूण मीच केलेली. तरी मी धावले! आईशप्पथ, तीरासारखी धावले आणि रांगेतली आमची निळी बादली सरकवून तिच्यापाशी उभी राहिले. सेक्रेटरींच्या हंड्याला कोपरानं ढकललंसुद्धा.

कमानीबाहेर रस्ता रिकामा. एक कुत्रं आमच्याकडे बघत उभं. सगळे माना लांब करून पेणकरपाड्याच्या वळणाकडे बघतायत. मीही बघतेय. तेवढ्यात मागून माझा नवरा धापा टाकत आला आणि ओरडला, "अहो, टेप होती! नाटकातली टेप होती ती!"

मग जे झालं ते विचारू नका. "बेन, ये क्या मजाक है!" इथपासून "हिला लिहायचे नसते धंदे" इथपर्यंत. काकूंचा पाय मुरगळला होता. कुणीतरी माझ्या हातातल्या बादलीकडे बोट दाखवून म्हणालं, "ही बघा, ही पण आलीय!" आणि मग एकाला हसू फुटलं, दुसऱ्याला फुटलं, आख्खी सोसायटी रिकामी भांडी घेऊन रस्त्यावर खो खो हसत सुटली. मीही हसले. पण आतून मी संपले होते. माझ्या मनात शिवणाच्या क्लासची वेळसुद्धा ठरली. आयुष्यात पहिल्यांदा शेवट लिहिला, आणि तो बघायला एक माणूस थांबलं नाही. मी स्वतःसुद्धा थांबले नाही.

मागे आले तर मामा त्यांच्या खुर्चीतच होते. त्यांना आमच्या हॉर्नचं काय देणंघेणं? ते उठले, काठी टेकत माझ्यापाशी आले. "बाई, उभ्या आयुष्यात असा शेवट बघितला नाही. आख्खे प्रेक्षक गाव होऊन उठतात, आणि ती एकटी बसून राहते. प्रेतसुद्धा पळतं, रिकामी मांडी तशीच! कुणाची कल्पना?"

आता बघा देवाची करणी! ज्या शब्दांसाठी मी इतकी वर्षं भात करपवला ते समोर वाढून आले होते. 'माझी' म्हणायचा अवकाश. पण हातात बादली होती हो. बादली धरून खोटं बोलवेना.

"कल्पना कसली, आम्हाला वाटलं खराच टँकर आला," मी म्हणाले. "मीसुद्धा पाण्यालाच पळाले."

मामा असे हसले की खोकल्याची उबळ आली. नवऱ्यानं पाणी आणायला म्हणून वळून बघितलं, तर पाणी कुठलं! हसू ओसरल्यावर मामांनी काठीनं स्टेजकडे दाखवलं. "आणि ती? ती का नाही उठली? तोही अपघातच?"

मी बघितलं. शेजारीण अजून तिथंच बसली होती. मांडी घातलेली, दोन्ही हात मांडीवर, डोकं धरल्यासारखे. मला काय वाटलं माहितीये? वाटलं, हिला ठाऊक होतं टेप वाजणार आहे. म्हणून बसली, त्यात काय मोठं. मी स्टेजवर चढले.

"ऊठ गं आता. संपलं."

"संपलं? पडदा कुठं पडला?"

"पडदा ओढणारा पळाला. तू बरी बसून राहिलीस. टेप आहे हे तुला एकटीला कळलं ना?"

"टेप?" तिनं डोळे मोठे केले. "टेप होती ती? अगं, मना वाटलं तुझी टेप वाजायच्या आधीच खरा टँकर आला!"

"मग उठली का नाहीस?"

"घरात पान्याचा थेंब न्हाय गं. सासूबाईंच्या गोळीपुरता तांब्या होता तोपन दुपारी सरला. समोरून सगळी पळत होती, माझी कळशी रांगेत पुढंच हाय, जीव नुसता वरखाली होत होता माझा." तिनं लुगड्यानं नाक पुसलं. "पन उठवेचना. म्हटलं, आई गेली. आता पानी कुनासाठी आनू?"

मी तिथंच, त्या फळ्यांवर, तिच्या गळ्यात पडले आणि हमसून हमसून रडायला लागले. ती बिचारी घाबरून गेली. माझ्या पाठीवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "अगं, काय झालं? चुकलं का काय माझं?"